हिमनदीने वगळलेला मुलूख

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेचे नाव काढले की डोळ्यांसमोर सपाट जमीन येते. मका, सोयाबीन, धान्याची उंच कोठारे आणि पट्टीने आखल्यासारखे रस्ते. पण मिसिसिपी नदी जिथे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यामधून वाहत आयोवाकडे उतरते, तिथे ही सपाटी एकाएकी मोडते. जमिनीत खोल दऱ्या पडतात, उतारांवर ओक आणि मेपलचे दाट रान उभे राहते, आणि ज्या गाडीरस्त्याला आतापर्यंत वळण माहीत नव्हते तो नागमोडी होऊन ओढ्याच्या काठाने धावू लागतो. हा ड्रिफ्टलेस प्रदेश. चार राज्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 62,000 चौरस किलोमीटर आहे. खडीच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांना जगात थोड्याच ठिकाणी इतके काही एकत्र मिळत असेल.

हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचे प्रचंड थर अनेकदा खाली सरकले. वाटेतल्या टेकड्या त्यांनी किसून काढल्या, दऱ्या भरून टाकल्या आणि वितळताना माती, वाळू आणि गोट्यांचा जाड थर मागे ठेवला. या गाळालाच भूशास्त्रज्ञ ड्रिफ्ट म्हणतात. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमध्ये तो सापडतच नाही, कारण बर्फ दोन्ही बाजूंनी पुढे गेला आणि हा तुकडा मधे तसाच राहिला. मिनेसोटा आणि आयोवाच्या बाजूला पाच लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या बर्फाच्या खुणा आहेत, पण त्यानंतर नद्यांना इतका अवधी मिळाला की त्यांनी त्या जवळजवळ पुसून टाकल्या. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्याचे लोंढे मिसिसिपीतून वाहिले, तिचे पात्र खोल गेले आणि तिला मिळणाऱ्या प्रत्येक उपनदीला, ओढ्याला आपापला तळ तितकाच खाली न्यावा लागला. मिनेसोटा दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणून मिरवते. त्याच्या या आग्नेय कोपऱ्यात मात्र नैसर्गिक तळे शोधावे लागते. साचलेल्या पाण्याला वाट करून देण्याइतका काळ इथल्या ओढ्यांना मिळाला आहे.

म्हणून इथे डोंगर आहेत असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. इथे दऱ्या आहेत. वर पोहोचलात की माथा सपाट, त्यावर शेते, गोठे आणि चर्चचा मनोरा. पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहून कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहिलेल्या माणसाला ही रचना लगेच उमजेल, फक्त इथली खोली पुष्कळ कमी आहे. माथा आणि तळ यांत साधारण 120 ते 180 मीटरचा फरक. आकडा ऐकून सह्याद्रीतला सायकलस्वार हसेल, पण इथे घाट एकदाच चढून संपत नाही. माथ्यावरून तळाला, तळावरून पुढच्या माथ्याला, पुन्हा तळाला, असे दिवसभर चालते. चढ लहान असतात आणि तीव्र असतात. आठ-दहा टक्क्यांचा चढ नवलाचा नाही. सैल खडीवर असा चढ आला की पायात कितीही जोर असला तरी मागचे चाक घसरू लागते. सीटवरून उठून पेडल मारणारा तिथेच अडकतो. बसून, वजन मागे ठेवून, हलक्या गिअरवर शांतपणे चढणारा वर पोहोचतो.

आता खडीविषयी. हा खरा मजेचा भाग आहे आणि बहुतेक मार्गदर्शिका त्यावर एक ओळही खर्च करत नाहीत.

या दऱ्यांच्या भिंती वालुकाश्म आणि डोलोमाइटच्या आहेत. डोलोमाइट म्हणजे मॅग्नेशियम असलेला, चुनखडीच्या जवळचा खडक. सुमारे 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी हे थर साचले. आज प्रत्येक तालुक्याएवढ्या भागात एखादी तरी खाण आहे, आणि तिथल्या क्रशरमधून निघणारी खडी त्याच भागातल्या रस्त्यांवर पडते. वळणावर डोक्यावर झुकलेला पिवळसर कडा आणि टायरखाली करकरणारा पिवळसर खडा, दोन्ही एकाच समुद्राचे. या खडीत मोठे तुकडे असतात तसा बारीक भुगाही असतो, आणि रस्त्याचे सगळे गुण त्या भुग्यावर ठरतात. पावसाचे पाणी पडले, वाहनांनी दाबले की तो खड्यांना बांधून धरतो आणि पृष्ठभाग काँक्रीटसारखा घट्ट होतो. फार दिवस कोरडे गेले की तोच भुगा धूळ होऊन उडून जातो आणि खडे सुटे पडतात. त्यामुळे तोच रस्ता जूनमध्ये पावसानंतर पाहावा आणि ऑगस्टअखेरीस पाहावा, ओळख पटणार नाही.

रस्ता मध्यावर थोडा उंच ठेवलेला असतो. बाजूला चार टक्क्यांच्या आसपास उतार देतात, म्हणजे पाणी चरात निघून जाते. वाहनांच्या चाकांनी दोन, कधी तीन पट्टे घासून गुळगुळीत होतात. सायकलस्वाराचा रस्ता म्हणजे हे वीतभर रुंदीचे पट्टे. त्यांच्या मधे आणि कडेला सैल खडी जमते. सरकारी ग्रेडर, म्हणजे पोटाखाली लांब तिरके पाते असलेले यंत्र, ठरावीक काळाने येऊन सगळे खरवडते, खळगे मोडते आणि खडी पुन्हा मध्यावर ओढते. गाड्यांसाठी हे वरदान, पण सायकलस्वाराला ग्रेडर नुकताच गेलेला रस्ता म्हणजे दोन-तीन दिवसांची शिक्षा: पट्टे गेलेले, आणि एका बाजूला सैल खडीचा लांबच लांब बांध. उतारावर पट्टा बदलताना तो बांध तिरका कापायला गेलात तर पुढचे चाक खडीत रुतून दुसरीकडेच वळते. सरळ जावे, हँडल घट्ट आवळू नये, ब्रेक बांधाच्या आधीच मारून घ्यावा.

चढावर आणि वळणाच्या तोंडाशी रस्त्याला लहान लहान आडव्या लाटा पडतात, ज्यावरून जाताना दातही वाजतात. हा दोष गाड्यांच्या स्प्रिंगचा असे लोक समजत. 2000 नंतरच्या दशकात भौतिकशास्त्रज्ञांनी वाळू पसरलेल्या फिरत्या थाळीवर एक साधे चाक टेकवून प्रयोग केले. स्प्रिंग नाही, इंजिन नाही, तरी ठरावीक वेगापलीकडे गेल्यावर लाटा उमटल्याच. चाक वेगात उसळते, पडते तिथे खळगा करते, पुढे ढीग लोटते, आणि पुढचे चाक त्याच ढिगावर उसळते. त्या वेगाच्या खाली मात्र रस्ता सपाट राहतो. रस्ता लाटांचा होण्याला गाड्या आणि त्यांची घाई कारण आहे. सायकलला त्यात फक्त सोसावे लागते. 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि 30 ते 40 पीएसआय हवा हा इथला साधारण तोडगा. डांबरी रस्त्याच्या सवयीने हवा ठासून भरणाऱ्याला संध्याकाळी मनगटे आठवण करून देतात.

मिसिसिपीच्या दोन्ही काठांना दऱ्या सारख्याच आहेत, रान सारखे आहे, तरी खडीचे रस्ते मुख्यतः पश्चिम काठाला, मिनेसोटा आणि आयोवात. विस्कॉन्सिनमध्ये आडबाजूचे गावरस्तेही डांबरी. याचे कारण दूध. विस्कॉन्सिन हे दुधाचे राज्य; दूध रोज, पावसात आणि बर्फातही, गोठ्यातून डेअरीला जायलाच हवे. चिखलात अडकलेला टँकर म्हणजे दिवसाची कमाई ओढ्यात. तेव्हा तिथे डांबरीकरण फार लवकर झाले. पलीकडे धान्य आणि जनावरे जास्त. त्यांना दोन दिवस थांबता येते, म्हणून खडी टिकली. शेतमालाच्या स्वभावाने रस्त्याचा पोत ठरावा हे मला या साऱ्या प्रदेशाचे सर्वांत बोलके लक्षण वाटते.

रस्त्यांच्या वळणांनाही असाच इतिहास आहे. 1785च्या जमीनविषयक कायद्यानुसार अमेरिकेच्या नव्या मुलखाची एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजणी झाली आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडांवर पडले. सपाट आयोवात ते आजही तसेच काटकोनी आहेत. इथे मात्र मोजणीदाराची रेघ कड्यावरून थेट खाली जात होती. बैलगाडी तशी जाणार कशी? रस्त्याने रेघ सोडली, पाण्याची वाट धरली. माथ्यावरचा रस्ता थोडा वेळ चौकोनाशी इमान राखतो, मग दरीचे तोंड आले की तिरका होऊन रानात शिरतो. नकाशावर रेघा सरळ आहेत तिथे तुम्ही माथ्यावर, वाकड्या होतात तिथे उताराला लागलात. एवढे कळले की कागदी नकाशावरूनही दिवसाचा चढउतार अंदाजता येतो.

मिनेसोटाच्या बाजूच्या दऱ्यांपैकी व्हाइटवॉटर नदीचे खोरे माझ्या मते सर्वांत शिकवणारे. एल्बा या छोट्या गावातून नदीच्या काठाने खाली निघाले की दोन्ही बाजूंना रान दाटत जाते. वाटेत बीव्हर नावाचे गाव होते. होते म्हणायचे, कारण आता दफनभूमी आणि थोड्या खुणा सोडल्या तर काही उरलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वसाहतवाले आले, उतारांवरचे लाकूड तोडले, माथ्यावर गहू पेरला, कड्यांवर गुरे सोडली. माथ्यावरची माती म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेला मऊ गाळ. मुळे गेली तसा तो सुटला. प्रत्येक पावसात घळी रुंदावत गेल्या आणि सगळी माती तळाला आली. नदीचे पात्र भरले, पूल गाडले गेले, शेतांवर वाळू पसरली. 1938 या एकाच वर्षात बीव्हरमध्ये 28 वेळा पूर आला. लोक गाव सोडून गेले आणि घरांचे उंबरे गाळाखाली गेले.

मिनेसोटाच्या वन्यजीव खात्यातले रिचर्ड डोरर यांनी ही उजाड जमीन सरकारने विकत घ्यावी, उतार पुन्हा रानाला द्यावेत यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. नदीपलीकडे विस्कॉन्सिनच्या कून व्हॅलीत 1933 साली देशातला पहिला पाणलोटक्षेत्र-पातळीवरचा मृदसंधारण प्रकल्प सुरू झाला होता. ह्यू बेनेट यांच्या नव्या मृदा खात्याचे तंत्रज्ञ, विस्कॉन्सिन विद्यापीठाची माणसे, त्यांत अल्डो लिओपोल्डही, आणि कामाच्या शोधातल्या तरुणांच्या सरकारी छावण्या, असे सगळे तिथे आले. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले: उतारावर आडवी नांगरट करायची, मका आणि गवत यांचे आलटून पालटून पट्टे ठेवायचे, आणि तीव्र उतारावरून गुरे कायमची हलवायची. या शेवटच्या अटीचा परिणाम आज सायकलवरून दिसतो. ज्या रानाच्या सावलीतून दुपारच्या उन्हात तुम्ही चढता ते बहुतांशी मूळचे अरण्य नाही. गुरे हलल्यावर ते पुन्हा उगवले आहे, त्याचे वय शंभरही नसेल. आणि माथ्यावरून खाली पाहताना उताराला बिलगून वळणारे हिरव्या-पिवळ्या पिकांचे पट्टे दिसतात, त्यांचे सौंदर्य पाहून लोक थांबतात, फोटो काढतात. तो आकार भुकेच्या भीतीतून आला आहे. व्हाइटवॉटरच्या परिसरासह मिनेसोटाच्या या सगळ्या टेकड्यांमध्ये 1961 साली स्मृतिवन घोषित झाले. पुढे त्याला डोरर यांचेच नाव दिले गेले.

फिलमोर काउंटीत दक्षिणेला गेले की खडकाचा दुसरा स्वभाव कळतो. चुनखडी आणि डोलोमाइट पाण्यात हळूहळू विरघळतात. जमिनीखाली भेगा रुंदावतात, गुहा होतात, छत खचले की शेतात खोलगट खड्डा पडतो. मक्याच्या शेताच्या ऐन मध्यावर झाडांचे गोल बेट दिसले तर समजावे की तिथे असा खड्डा आहे. नांगर चालत नाही म्हणून झाडे वाचली. या एका काउंटीत असे हजारो खड्डे आहेत. रूट नदीची दक्षिण शाखा मिस्टरी केव्ह या गुहेजवळ जमिनीत झिरपते आणि काही अंतरावर झऱ्यांतून पुन्हा वर येते. 21 किलोमीटर लांबीची ही गुहा मिनेसोटात सर्वांत मोठी. झऱ्यांचे पाणी वर्षभर जवळपास एकाच थंड तापमानाला असते, म्हणून ट्राउट मासे इथे जगतात, आणि पहाटे पुलांवर सायकलवाल्यांच्या आधी गळवाले पोहोचलेले असतात.

याच गुहेच्या उद्यानात फॉरेस्टव्हिल आहे. 1853 साली वसलेले भरभराटीचे गाव. 1868 साली रेल्वे दुसऱ्या वाटेने गेली आणि ते ओसाड पडत गेले. 1890 पर्यंत सगळे गाव मीगन नावाच्या एकाच घराण्याच्या मालकीचे झाले होते. दुकान 1910 साली बंद झाले ते आजही मांडलेल्या मालासह जपून ठेवले आहे. लोखंडी पूल ओलांडून खडीच्या रस्त्याने आत शिरावे. डांबरावरून येणाऱ्याला हे गाव इतके नीट भेटत नाही.

जवळच हार्मनी गावाच्या आसपास 1974 पासून आमिश कुटुंबे राहतात. मोटारी न वापरणाऱ्या या लोकांच्या घोडागाड्या याच खडीवरून जातात. मागून येणाऱ्या सायकलचा आवाज घोड्याला ऐकू येत नाही आणि तो बुजतो. दुरूनच बोलून आपण आलो हे कळवावे, रुंद वळसा घेऊन जावे, माणसांचे फोटो काढू नयेत. रविवारी त्यांची दुकाने बंद असतात आणि पाव-मुरंब्याची वाट पाहत आलेल्यांची निराशा होते.

खडीवरच्या सायकल शर्यतींच्या इतिहासातही या कोपऱ्याला जागा आहे. 2005 साली मार्क स्टीव्हन्सन आणि जेफ करकोव्ह यांनी आयोवा आडवे पार करणारी ट्रान्स आयोवा सुरू केली: खडीचे रस्ते, मदतीला गाडी नाही, वाट कागदाच्या चिठ्ठ्यांवर. 2007 साली क्रिस स्कोगन यांनी मिनेसोटात अल्मान्झो 100 ही शंभर मैलांची, म्हणजे 160 किलोमीटरची शर्यत मांडली. शुल्क नाही, नाव नोंदवायला टपालाने पोस्टकार्ड पाठवायचे. पुढे तिचे ठिकाण स्प्रिंग व्हॅली झाले, जिथे लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पती अल्मान्झो यांचे कुटुंब राहत असे. मोजक्या मित्रांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीला पुढे शेकडो लोक येऊ लागले. आज या खेळात मोठे प्रायोजक आणि महागड्या प्रवेशिका आल्या आहेत. पोस्टकार्डाचा तो काळ ज्यांनी घडवला त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

विस्कॉन्सिनमध्ये खडी हवी तर जुन्या रेल्वेमार्गाकडे जावे. एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या लोहमार्गाचा. 1960च्या दशकात रूळ निघाले आणि बारीक चुनखडी पसरून तो सायकलींना खुला झाला. रेल्वेमार्गाचा सायकलमार्ग करण्याच्या देशातल्या पहिल्या प्रयोगांत तो मोडतो. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून इथे उतार अगदी सौम्य, नवशिक्यालाही झेपणारा. जिथे डोंगरसोंड आडवी आली तिथे 1873 साली बोगदे पाडले. असे तीन आहेत आणि नॉर्वॉकजवळचा सर्वांत लांब, सुमारे 1,160 मीटर. आत दिवे नाहीत. सायकल हातात धरून, टॉर्च लावून चालत जायचे. बाहेर कितीही उकाडा असो, आत गारठा असतो आणि छतातून पाणी ठिबकते. तोंडाशी प्रचंड लाकडी दारे आहेत. हिवाळ्यात पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून ही दारे लावून ठेवत, आणि प्रत्येक गाडीच्या वेळी पहारेकरी ती उघडून पुन्हा मिटत असे.

जायचे कधी? मेअखेर ते ऑक्टोबर. मार्च-एप्रिलमध्ये गोठलेली जमीन वरून वितळते, खालचा थर गोठलेलाच, आणि मधे अडकलेल्या पाण्याने रस्ता चिखलाचा होतो. त्या दिवसांत जड ट्रकांना बंदी असते. सायकलचे चाकही खोल चाकोरी पाडते, तेव्हा थांबलेले बरे. मिनेसोटात काही आडवाटांवर किमान देखभालीचा रस्ता अशी पाटी दिसते. आयोवात बी दर्जाचा रस्ता म्हणतात, तो निव्वळ मातीचा, आणि पावसानंतर चिखल टायर आणि फ्रेमच्या मधे असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम, तेव्हा भडक नारिंगी जॅकेट हवेच.

पाण्याचे मात्र जपून. गावे लांब लांब, आणि वाटेत कड्यातून झुळझुळणारे गार झरे मोह घालतात. पण जी भेगाळ जमीन झरे देते तीच माथ्यावरच्या शेतांतले खत आणि गोठ्यांचे शेण न गाळता खाली सोडते. आग्नेय मिनेसोटातल्या विहिरींत नायट्रेटचे प्रमाण इतके वाढले की नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने आठ काउंट्यांसाठी राज्याला तातडीने पावले उचलायला सांगितले. फिलमोर आणि विनोना त्यांत आहेत. तान्ह्या बाळांना अशा पाण्याचा सर्वाधिक धोका, आणि त्या भागातली कित्येक घरे स्वतःच्या विहिरीवर अवलंबून आहेत. बाटल्या गावातल्या नळावर भराव्यात, आणि शेतघराच्या दारी पाणी मागायची वेळ आलीच तर विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली आहे का हेही विचारावे. लोकांना त्या प्रश्नाचे वाईट वाटत नाही. बहुतेकांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते.